किती होता?

मी महामार्ग पोलिसांत आहे. चांदवडच्या आसपास रस्त्याकडेला आमची पांढरी गाडी उभी असते, तिच्यात वेग मोजायचं मशीन असतं आणि मशीनशेजारी बहुतेक वेळा मी असते. गाडी बाजूला घेतली की मी काचेपाशी जाते आणि एकच विचारते, "किती होता?"

मशीनने आकडा दाखवलेला असतो. तो मला माहीत असतो, समोरच्यालाही माहीत असतो. तरी मी विचारते आणि समोरचा सांगतो, "साठ. फार तर सत्तर." इतक्या वर्षांत खरा आकडा सांगणारा एकही मायचा लाल मला भेटलेला नाही.

मग कारणं सुरू होतात. उतार होता. मागचा ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन जीव खात होता. वणीच्या गडावरची आरती चुकेल. बायकोला कळा सुरू झाल्यात, आणि बायको शेजारी बसून वेफर्स खात असते, पोट सपाट. एकाने सांगितलं, मॅडम, चप्पल नवीन आहे, पायाला अंदाज येत नाही. एकदा एक गृहस्थ मांडीवर पांढरं केसाळ कुत्रं घेऊन चालवत होते, कुत्र्याचे पुढचे पाय चक्क स्टेअरिंगवर. म्हणाले, "हळू चालवलं की याला उलटी होते." मी म्हटलं, "मग त्यालाच चालवू द्या, तुम्ही मागे बसा." चलन केलं आणि दिवसभर आम्ही त्या कुत्र्यावर हसलो.

ते हसणं आबा जायच्या आधीचं. आबा म्हणजे माझे वडील, भिमाजी. ते गेल्यापासून मला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं की कसं, दात ओढतायत हे कळतं, कडकड आवाजही येतो, पण हे आपल्याच तोंडात चाललंय असं वाटत नाही. तसं. सिव्हिलमध्ये आबांना ओळखलं मी, कागदांवर सह्या केल्या मी. बायका गळ्यात पडून रडायच्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत भिंतीवरची पाल बघत राहायचे. "पोरगी पोलिसात हाय ना, लय घट्ट हाय," असं बाया आपसात बोलायच्या. घट्ट कसली, बधिर झाले होते.

झालं होतं ते असं. माझा धाकटा भाऊ सोमनाथ आणि आबा वणीला कांद्याचं रोप बघायला गेले होते. गाडी सोमनाथची, चालवायला सोमनाथ, शेजारी आबा आणि मागच्या सीटवर ठिपक्या. ठिपक्या हा आबांचा कुत्रा, गावठीच, अंगभर शाई उडाल्यासारखे ठिपके. आबा कुठेही निघाले की चपला घालायच्या आत हा गाडीत चढलेला असायचा. परत येताना एका वळणावर कडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी डाव्या बाजूने घुसली. डाव्या बाजूला आबा होते. त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता. लेक पोलिसात असून लावायचे नाहीत. मी फोनवर ओरडले की म्हणायचे, "मला काय गोठ्यात बांधतीस का?" सोमनाथच्या कपाळाला टाके पडले आणि एक हात गळ्यात आला. कुत्र्याला खरचटलंसुद्धा नाही.

सोमनाथने सगळ्यांना सांगितलं, ठाण्यातही तेच लिहून दिलं. "कुत्रं मागून उडी मारून पायात आलं. ब्रेकवर पाय पडेना. मी साठवर होतो."

साठ हा आकडा मी रोज ऐकते. तेव्हाही ऐकला आणि सोडून दिला. सख्ख्या भावाच्या तोंडापुढे मशीन कोण धरतं?

आईने त्याच दिवशी सांगून टाकलं, "हे कुत्रं माझ्या डोळ्यापुढं नको." मला ते समजण्यासारखं वाटलं. ज्याच्यामुळे नवरा गेला ते जनावर दारात शेपूट हलवत उभं, कुणाला बघवेल? सोमनाथने ठिपक्याला सातपूरला नवनाथच्या वर्कशॉपवर नेऊन बांधलं. नवनाथ त्याचा शाळेपासूनचा मित्र, लेथवर काम करतो. पुढे कुणाला तरी देऊन टाकू, असं ठरलं. नाही मिळालं कुणी तर घाटात सोडू, असंही सोमनाथ म्हणाला. मी तेव्हा ताटातला भात कालवत होते.

दहावा नाशिकला रामकुंडावर करायचा होता, कारण आजोबांचाही तिथेच झाला होता. सकाळी आम्ही सगळे पोचलो. सोमनाथने एका हाताने कसंबसं सगळं केलं. डोकं भादरलेलं, कपाळावर टाक्यांची रेघ, अंगावर ओलं धोतर. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो.

रामकुंडावरच्या कावळ्यांचा एरवी काही प्रश्न नसतो. रोज एवढे पिंड पडतात की त्यांना बोलवावंसुद्धा लागत नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबाचा पिंड पानावर ठेवायची खोटी, तीन कावळे आले आणि भांडून खाऊन गेले. आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. समोरच्या पत्र्यावर बसून ते आमच्याकडे बघत होते.

आमच्यात असं मानतात की गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकला असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी हात जोडून सांगायचं, तुमचं हे राहिलंय ना, ते आम्ही करू. नेमकं अडलेलं सापडलं की कावळा खाली येतो.

सोमनाथ सांगत सुटला. "आबा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करीन." कावळे हलले नाहीत. "नव्या विहिरीचं काम पुरं करीन." नाही. "स्वराजला लांब शिकायला ठेवीन." स्वराज त्याचा मुलगा. नाही. "गुटखा सोडीन." यावर मागे कुणीतरी खाकरलं. एका कावळ्याने चोच पत्र्याला घासली आणि पाठ फिरवली.

गुरुजींच्या मागे पुढचे यजमान उभे होते. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात चालतं."

"नाय," आई म्हणाली. माझी आई गोजराबाई फार बोलत नाही, पण बोलली की तो विषय मिटतो. "खराच शिवला पाहिजे. तवर मी इथून उठायची नाय."

ती पायरीवर बसून राहिली. तिची नजर पत्र्यावरच्या कावळ्यांवरून हलत नव्हती. दहा दिवसांत मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. आबा अडकून राहिलेत, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. मला त्यातलं काही वाटत नव्हतं, पण तिला वाटतंय एवढं कळत होतं.

तेवढ्यात कोंडाजीकाकांनी कपाळावर हात मारला. आबांचे धाकटे भाऊ. "अरे, कुत्रं! दादाचा जीव त्या कुत्र्यात व्हता. त्याला तुम्ही हाकलून दिलं, कसा शिवल कावळा? आना त्याला हितं!"

सगळ्यांना ते पटलं. सोमनाथ मात्र म्हणाला, "काका, कुत्रं कशाला आता? त्याच्यानंच तर..."

"त्याच्यानं झालं का कशानं झालं, दादाचा जीव व्हता का नाय?"

सोमनाथला पिंडापासून उठता येत नव्हतं. मी पर्समधून गाडीची चावी काढली.

पंचवटीतून गाडी बाहेर काढणं हेच एक दिव्य. ते झालं आणि अशोकस्तंभ ओलांडून त्र्यंबक रोडला लागले तसा काकांचा फोन आला, "कुठवर गेली? गुरुजी घाई करत्यात." मग आत्याचा. मग पुन्हा काकांचा. माझा पाय आपोआप दाबला गेला. एक सिग्नल पिवळ्यावर मारला, पुढचा बहुतेक लालवर. त्याच्या पुढे ट्रॅफिकचा एक हवालदार रस्त्यात आला आणि त्याने हात केला.

पिकलेल्या मिशा, तोंडाला रुमाल. माझ्या काचेपाशी वाकला. मी साध्या ड्रेसमध्ये होते, ओळखपत्र घरी.

"ताई, किती होता?"

"पन्नास," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. सत्तरच्या वर असणार, मला चांगलं माहीत होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मीही रस्त्यावर लोकांकडे असंच बघते, म्हणून मला ती नजर ओळखता आली.

"एवढी घाई कशाची?"

"वडिलांचा दहावा आहे रामकुंडावर. कावळा शिवत नाहीये. त्यांचा कुत्रा सातपूरला आहे, तो आणायला चाललेय."

बोलून झाल्यावर मला वाटलं, हे कारण मला कुणी दिलं असतं तर मी त्याला दुप्पट चलन केलं असतं. हवालदाराने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. हसेल असं वाटलं. तो म्हणाला, "कधीपासून शिवत नाही?"

"तास होत आला."

"आमच्या म्हातारीच्या वेळी दुपार झाली होती. तिचा तंबाखूचा बटवा ठेवला तेव्हा शिवला." त्याने हातातलं चलनाचं मशीन काखेत धरलं. "जा. पण हळू जा. कावळा कुठं पळून जात नाही. तुम्ही गेलात तर पिंड दोन मांडावे लागतील."

मी मान हलवली आणि निघाले. त्याचं म्हणणं योग्य होतं आणि मला त्याचा रागही आला नाही. एरवी आला असता.

नवनाथचं वर्कशॉप एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत आहे. ठिपक्या दारातल्या लोखंडी खांबाला बांधलेला होता, समोर डाळभाताची थाळी तशीच. मला बघून उठला, शेपूट एकदा हलवलं, माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी नव्हतं. परत बसला.

नवनाथ हात पुसत बाहेर आला. मी का आलेय ते सांगितल्यावर त्याने लगेच साखळी सोडली. "न्या ताई. खातच नाही काही. त्याचा छातीचा पट्टा तेवढा तुटलाय बघा."

ठिपक्याच्या छातीभोवती नवारीचा पट्टा होता. जुन्या पलंगाची नवार आबांनी स्वतः दाभणाने शिवलेली. मी तो गावी पाहिला होता. मला वाटायचं, आबांची हौस, लोक कुत्र्यांना स्वेटर घालतात तसं. मी कधी त्या दोघांबरोबर गाडीत बसले नव्हते, मला काय माहीत.

"ह्याच्या टोकाला मीच आबांना लोखंडी जीभ बसवून दिली होती, मागच्या दिवाळीत," नवनाथ म्हणाला. "भंगारातल्या सीटबेल्टची. खटकन बसायची. आता नुसतंच टोक राहिलंय. नवी बसवून देतो, निवांत आणा."

मी बरं म्हटलं. ऐकलं, पण ते आत कुठे पोचलं नाही. दहा दिवस काहीच पोचत नव्हतं.

मागचं दार उघडल्याबरोबर ठिपक्या चढला. मी पुढे बसून गाडी चालू केली. तो भुंकला. वळून बघितलं तर सीटवर बसला नव्हता, उभा होता, मधल्या बकलापाशी छाती टेकवून. मी म्हटलं, "बस खाली." गाडी हातभर पुढे घेतली. तो एवढ्या जोरात भुंकला की नवनाथ पुन्हा बाहेर आला. मी थांबले की तो थांबायचा. गाडी हलली की भुंकायचा आणि छाती बकलावर दाबायचा, जणू मी काहीतरी करायचं विसरलेय आणि तो मला आठवण करून देतोय.

मी उतरले. मागचं दार उघडून पट्ट्याचं लोंबतं टोक हातात घेतलं. त्याला काय हवंय ते तोपर्यंत कळलं होतं. गळ्यातली ओढणी काढली, एक टोक पट्ट्यात ओवलं, दुसरं बकलाच्या मुळाशी गाठ मारून बांधलं. गाठ बसली तसा ठिपक्या खाली बसला. हनुवटी पंजांवर ठेवली आणि डोळे मिटले.

माझ्या हातात अजून पट्ट्याचं ते तुटकं टोक होतं. नवार तुटली की तिचे धागे निघतात, दाढी आल्यासारखे. इथे एकही धागा सुटलेला नव्हता. सरळ कापलेलं होतं, सुरीने किंवा ब्लेडने.

मी तिथेच दाराला धरून उभी राहिले. नवनाथचं बोलणं आता पोचलं. लोखंडी जीभ, खटकन बसायची. बांधल्याशिवाय गाडीचं चाक हलू न देणारा कुत्रा. तो त्या दिवशीही बांधलेलाच होता. म्हणून तर त्याला खरचटलं नाही. आबांनी कुत्र्याला बांधलं आणि स्वतः तसेच बसले. गाडी आदळल्यावर बकल उघडलं नसेल, म्हणून कुणीतरी पट्टा कापून त्याला बाहेर काढलं. आणि बांधलेला कुत्रा पायात येत नाही.

"ताई, बरं वाटत नाही का? पाणी आणू?" नवनाथने विचारलं.

"नको," मी म्हणाले आणि गाडीत बसले.

येताना मी चाळीसच्या वर गेले नाही. फोन वाजत होता, वाजू दिला. रिक्षावाले डावीकडून उजवीकडून जात होते, एकाने खिडकीतून डोकं काढून मला बैलगाडी घ्यायला सांगितलं. सोमनाथ आठवत होता, खांदे पाडून सगळ्यांना तीच गोष्ट सांगणारा. कुत्रं पायात आलं, कुत्रं पायात आलं. प्रत्येक वेळी शब्द तेच. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो, हे मी रस्त्यावर शिकलेय. घरात ते वापरायचं राहून गेलं होतं. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होते, खिशात सुटे पैसे शोधावेत तसा, आणि तो सापडत नव्हता. सिग्नलला तोच हवालदार उभा होता. त्याने मागच्या सीटवरचा कुत्रा बघितला, ओढणी बघितली आणि मान डोलावली.

रामकुंडावर मी ठिपक्याला ओढणीनेच धरून पायऱ्या उतरले. "आली, आली!" म्हणून काकांनी वाट करून दिली. गुरुजींच्या हातात दर्भ तयार होता. सोमनाथने मला पाहिलं, मग कुत्र्याला, मग त्या पट्ट्याला बांधलेल्या ओढणीला.

"एवढा उशीर?" तो म्हणाला.

"बांधल्याशिवाय बसेना."

एवढंच बोलले मी. बाकी कुणाला त्यात काही वाटलं नाही. सोमनाथच्या तोंडाचा रंग उतरला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझा अंदाज चुकला असेल अशी जी थोडी जागा होती, ती त्याच्या त्या तोंडाने भरून टाकली.

"बोल ना सोमनाथ," काका म्हणाले. "सांग दादाला, कुत्र्याला सांभाळतो म्हनून."

सोमनाथने हात जोडले. गळ्यातल्या हातामुळे ते नीट जुळत नव्हते. "आबा, ठिपक्याला... ठिपक्याला मी सांभाळीन."

पत्र्यावरचे कावळे तसेच. ठिपक्या ओल्या दगडावर बसून होता, त्याला पिंडाचं काही नव्हतं. सगळे वर बघत उभे होते.

तेव्हा आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पिंडाजवळ येऊन खाली बसली, पदर पुढे घेतला आणि हळू बोलायला लागली. मी कुत्र्याला धरून तिच्या अगदी शेजारी होते आणि पलीकडे सोमनाथ, म्हणून आम्हा दोघांनाच ऐकू आलं. मागच्यांना ती रडतेय असं वाटलं असेल.

"अहो, मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी निघताना तुम्ही कुत्र्याला बांधलं, तवा मी दारातच उभी व्हते. पोराला मी काय बोलले नाय. बोलणार बी नाय. तुम्ही बी त्याच्यावर राग धरू नका. त्याला मी बघते. जा तुम्ही आता."

ती हात टेकून मागे सरकली. पंखांचा आवाज आला. एक कावळा पानाच्या कडेवर उतरला, मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि पिंडात चोच घातली. मागून दुसरा आला.

"बघा! म्हनलं नव्हतं?" काकांचा आवाज घाटभर गेला. "कुत्र्यातच जीव व्हता दादाचा!" आत्या रडायला लागली. लोक कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून पाया पडायला लागले. दहा दिवस ज्याला पांढऱ्या पायाचा म्हणत होते, त्याला कुणीतरी पेढा भरवला.

आणि मला राग आला. दहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. एवढा आला की कानात धडधडायला लागलं. सोमनाथचा आला, आईचा त्याहून जास्त आला. नवऱ्याच्या मरणाचं सांगितलेलं कारण खोटं आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुत्रं डोळ्यापुढे नको म्हणाली ती दुःखाने नव्हे. कुत्रा बोलत नसला तरी गाडीत बसला की सगळं सांगतो, म्हणून. कावळ्याचासुद्धा राग आला. खरं सांगितलं म्हणून नाही, पोराला सोडून द्या म्हटलं म्हणून आला मेला. नाहीतर भूक लागली असेल, काय सांगावं. आबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं, हे मला माहीत होतं, आणि त्याचाही राग आला.

जेवणं उरकली. मग गावी निघायचं झालं. बाकीचे टेम्पोने पुढे गेले. आई माझ्या गाडीत मागे बसली, ठिपक्याशेजारी. मी ओढणीची गाठ मारेपर्यंत त्याने छाती बकलाला लावून ठेवली होती. आई ते बघत होती. गाठ बसल्यावर तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

सोमनाथ येऊन पुढे माझ्या डावीकडे बसला. मी चावी लावली, पण फिरवली नाही.

"ताई," तो म्हणाला. "ते वळणच तसं आहे. ट्रॉलीला मागे लाल दिवासुद्धा नव्हता. आणि समोरून एक गाडी अंगावर आली, लाईट डोळ्यात. स्वराजला क्लासवरून आणायला उशीर होत होता, त्याचे तीन फोन आले होते. ब्रेक पण जरा ढिले होते, मी दाखवणारच होतो गॅरेजला..."

मी ऐकून घेतलं. रस्त्यावरही मी मध्ये बोलत नाही. कारणं संपू देते. ती संपली. तो समोरच्या काचेतून रामकुंडाच्या पार्किंगकडे बघत होता.

"किती होता?" मी विचारलं.

"साठ..." म्हणाला आणि थांबला. आरशात मागची सीट दिसत होती.

"एकशे दहा."

मागे आईने श्वास घेतला.

"आबा काही म्हणाले?"

त्याचा खालचा ओठ हलायला लागला, लहानपणी मार खायच्या आधी हलायचा तसा. "दोनदा म्हणाले. सोम्या, हळू घे. कुत्रं घाबरतंय."

ठिपक्या आपलं नाव नसूनही कान टवकारून बघत होता. हा कुत्रा बांधलेला असला की कशाला घाबरत नाही, झोपतो, हे मी सकाळी पाहिलं होतं. आबांची सवय होती ती. स्वतःला थंडी वाजली की म्हणायचे, पोरांवर पांघरूण घाला. स्वतःला भूक लागली की म्हणायचे, बैलं दमलीत, थांबू. घाबरले होते आबा. पोराला ते कसं सांगणार, म्हणून कुत्र्याचं नाव सांगितलं.

तेव्हा मी रडले. स्टेअरिंगवर डोकं ठेवून, मोठ्याने, आवाज आवरत नव्हता. सोमनाथ शेजारी रडत होता आणि मी त्याला जवळ घेतलं नाही.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "ठाण्यात जायचं का?"

"तूच जायचंस," मी म्हणाले. "आणि आकडा सांगायचास."

त्याने आईकडे वळून बघितलं नाही. मान हलवली. मी हात लांब करून त्याचा सीटबेल्ट ओढला आणि खटकन बसवला. पार्किंगवाला बोनेटवर थाप मारत होता, ताई काढा गाडी, मागे लाइन लागलीये. मला अजून समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी त्याला हाताने थांब म्हटलं.